तीन तासांची कॅसेट, दोन तासांची डिस्क

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि गावभागातल्या आमच्या घरात ताईच्या लग्नाची कॅसेट चिखलात गेली. उरली ती २००६ साली त्या कॅसेटवरून करून घेतलेली एक डीव्हीडी. तिच्यात अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात आणि नेमक्या त्याच क्षणी चित्र चौकोनांत फुटतं. शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्नही त्याच काळातलं, कॅसेटही तशीच. त्यांच्या डिस्कवर मात्र अक्षतांचे दाणे पडताना दिसतात. फरक कंपनीचा असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

मूळ अडचण कॅसेटच्या लांबीत होती. जेव्हीसी या जपानी कंपनीने व्हीएचएस, म्हणजे हा कॅसेटचा प्रकार, १९७६ साली आणला. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि पुढे लग्नाचं शूटिंग घरोघर पोचलं. लग्नासाठी सर्रास वापरली जायची ती ई-१८० कॅसेट, म्हणजे तीन तास. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं त्यात बसवायचं. मधल्या काळात व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओची सीडी, आली, पण तीवर जेमतेम सव्वा तास मावायचा.

घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर पहिल्यांदा पायोनियरने १९९९ च्या अखेरीस जपानमध्ये विकायला काढला. त्यात लागणारी साधी डिस्क ४.७ जीबीची. एका तासाला भरली तर चित्र लिहायला सेकंदाला सुमारे १० मेगाबिट (बिट म्हणजे माहितीचा सर्वांत लहान कण) मिळतात, दोन तासांना ५, चार तासांना अडीच, सहा तासांना पावणेदोनच्याही आत. मशिनवर हे अनुक्रमे एक्सपी, एसपी, एलपी, ईपी असे मोड असायचे. तीन तासांचं लग्न दोन तासांच्या एसपीत मावत नाही. दोन डिस्क म्हणजे जास्त पैसे, म्हणून स्टुडिओवाला बटण एलपीवर ठेवायचा. काही मशिनमध्ये रेकॉर्डिंगची वेळ सांगितली की डिस्क बरोबर तेवढ्याला पुरवून वापरायची सोय होती, पण तेवढा वेळ काढणारे थोडेच.

आता अक्षतांकडे येऊ. डीव्हीडीवर चित्र लहान करून लिहायची पद्धत म्हणजे एमपेग-२. तिची युक्ती अशी की आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच साठवायचं. होमासमोर बसलेलं जोडपं फारसं हलत नाही, म्हणून ते अडीच मेगाबिटमध्येही नीट दिसतं. अक्षता उडाल्या की शेकडो पांढरे ठिपके प्रत्येक चित्रात जागा बदलतात. मशिनला सगळंच नव्याने लिहावं लागतं, बिट पुरत नाहीत, आणि चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे उघडे पडतात. जुन्या कॅसेटच्या चित्रात वळवळणारे बारीक ठिपके, म्हणजे मुंग्या, त्यासुद्धा मशिनला हालचालच वाटतात. बरेचसे बिट त्याच खाऊन टाकतात.

इथेच एका मशिनचं चित्र दुसऱ्यापेक्षा सरस ठरायचं. चांगला रेकॉर्डर आत येणारं चित्र आधी स्थिर करायचा, मुंग्या कमी करायचा, मग लिहायचा. हा उपाय जास्त झाला तर शालूची जर पुसट व्हायची, तेही खरं. एलपीत बऱ्याच मशिन आडवे ठिपके ७२० वरून ३५२ वर आणायच्या. ऐकायला हे वाईट वाटतं, पण माझ्या मते कॅसेटसाठी ते शहाणपणाचं होतं. व्हीएचएसमध्ये मुळातच २४० रेषांच्या आसपास तपशील असतो, त्यामुळे त्यातलं फारसं काही जात नाही आणि चौकोनही कमी होतात. मिनी-डीव्ही या डिजिटल कॅसेटवरच्या शूटिंगचं मात्र त्यात खरंच नुकसान व्हायचं. ईपीत उभे ठिपकेही निम्मे झाले की वरातीतला नाच झटके खात चालतो.

काकूंनी तेव्हा हट्टाने दोन डिस्क करून घेतल्या होत्या, दीड-दीड तासाच्या, एसपीत. एवढाच फरक. स्टुडिओ तोच, मशिनही बहुधा तेच.

जुलै २०१६ मध्ये फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. पण कॅसेट शाबूत असती तर जुना व्हीसीआर शोधून ती पुन्हा उतरवता आली असती. डिस्कवर जे लिहिलंच गेलं नाही, ते आता कुठून आणणार? आमच्या डिस्कवर शेवटच्या मंगलाष्टकाला आजी मांडवाच्या खांबाशी उभी आहे. ती मूठ उघडते, हात वर जातो, आणि तिचा चेहरा दोन-तीन सेकंद नुसता गव्हाळी चौकोन असतो.