हवेचे वजन व त्याचे मापन

हवेचे वजन : हवा हे वायूंचे मिश्रण असल्याने तिला वस्तुमान आहे आणि गुरुत्वाकर्षणामुळे वजनही आहे. ०° से. तापमान व प्रमाण दाब असताना १ लिटर कोरडी हवा सु. १.२९३ ग्रॅ. भरते, २०° से.ला सु. १.२ ग्रॅ. या हिशेबाने ४ मी. लांब, ३ मी. रुंद व ३ मी. उंच खोलीतील हवा ४० किग्रॅ.हून अधिक होते. मराठीत दाबासाठी ‘वायुभार’ हा शब्दही रूढ आहे. त्यामुळे वजन व दाब यांची गल्लत होते, म्हणून येथे तो टाळला आहे.

वैशेषिक दर्शनात (प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाची एक शाखा) ‘गुरुत्व’ हा गुण पृथ्वी व जल या दोन द्रव्यांतच मानला असून वायूच्या गुणांत त्याची गणना नाही. मात्र तेथे गुरुत्व म्हणजे आद्य पतनाचे (वस्तू प्रथम खाली पडू लागण्याचे) कारण. ते आजच्या वजनाशी सरसकट एकरूप धरणे घाईचे ठरेल.

ॲरिस्टॉटल यांनी हवेला वजन आहे असे म्हटले व पुरावा म्हणून फुगवलेली कातडी पिशवी रिकामीपेक्षा जड भरते असे सांगितले. सहाव्या शतकातील भाष्यकार सिंप्लिशियस यांच्या नोंदीनुसार टॉलेमी यांचे मत नेमके उलट होते : फुगवलेली पिशवी हलकी भरते. टॉलेमी यांचा मूळ ग्रंथ उपलब्ध नाही. सिंप्लिशियस यांनी स्वतः वजन करून पाहिले तेव्हा दोन्ही वजने सारखीच आली. तिन्हींत सिंप्लिशियस यांचे निरीक्षण अधिक विश्वसनीय वाटते. पिशवी फुगली की तिने बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतके उत्प्लावक बल (वर ढकलणारे बल) तिच्यावर कार्य करते आणि आत भरलेल्या हवेचे वजन जवळजवळ पूर्ण फिटते. उरतो तो फक्त आतील जादा दाबाचा परिणाम. १० लिटरच्या पिशवीत दाब २ टक्के अधिक असला, तर फरक पाव ग्रॅमच्या आसपास येईल आणि तोही श्वासाची उष्णता व ओलावा यांमुळे बदलेल. हवेत हवा तोलण्याची ही अडचण पुढील सर्व मापनपद्धतींच्या मुळाशी आहे. तराजूच्या दोन टोकांना फुगे बांधून केल्या जाणाऱ्या शालेय प्रयोगातही जादा कोंबलेली हवाच तोलली जाते.

गॅलिलीओ यांनी हवा कोंबण्याचाच उपयोग करून घेतला. झडप बसवलेल्या काचेच्या कुपीत पिचकारीने जादा हवा भरून त्यांनी ती वाळूने तोलली. मग ती हवा सोडून तिचे आकारमान पाण्याच्या साह्याने मोजले. पाणी हवेपेक्षा सु. ४०० पट जड, असे त्यांनी १६३८ मध्ये प्रसिद्ध केले. खरे गुणोत्तर ८०० च्या थोडे वर आहे. पद्धत मात्र तत्त्वतः बरोबर होती.

दाबाच्या मार्गाने आलेला पुरावा वेगळा. वरून बंद नळीतील द्रवाचा स्तंभ बाहेरच्या हवेच्या दाबाने तोलला जातो, हे त्याचे तत्त्व. रोममध्ये गास्पारो बेर्ती यांनी पाण्याची उंच नळी उभारली. तिचा काळ १६४० ते १६४३ यांदरम्यान निरनिराळा दिला जातो. तोरिचेल्ली यांचा पाऱ्याचा प्रयोग बहुधा १६४३ मधील असावा. निश्चित आधार त्यांच्या जून १६४४ मधील पत्राचाच आहे. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, हे त्यांनी त्यात लिहिले. पास्काल यांच्या सूचनेवरून पेरिये यांनी १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधील प्वी द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेली असता पाऱ्याची उंची पायथ्यापेक्षा सु. ८.५ सेंमी. कमी भरली. डोंगरावरील प्रयोगाची कल्पना मूळची आपली, असा दावा देकार्त यांनी केला होता.

सरळ वजन करायचे, तर भांड्याचे आकारमान न बदलता ते रिकामे करावे लागते. हे ओटो फोन गेरिक यांच्या निर्वात पंपाने (सु. १६५०) शक्य झाले. भांडे ताठ असल्याने उत्प्लावक बल दोन्ही वेळा सारखेच राहते, आणि वजनांतील फरक म्हणजे काढलेल्या हवेचे वजन. बाहेरची हवा तोलण्याच्या दरम्यान बदलली, तर मात्र चूक शिरते. १८४० च्या दशकात रेन्यो यांनी दुसऱ्या पारड्यावर त्याच आकारमानाचा बंद गोल टांगून ती घालवली. पुढे रॅली यांनी अशाच तोलण्यातून हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड असल्याचे दाखवले. त्याची परिणती १८९४ मध्ये हवेतील आर्गॉन या वायूच्या शोधात झाली.

आज हवेची घनता तापमान, दाब व आर्द्रता यांवरून सूत्राने काढतात (आंतरराष्ट्रीय सूत्र १९८१, सुधारित २००७). दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याच्या रेणूचे वस्तुमान १८, तर कोरड्या हवेचे सरासरी सु. २९ आहे. प्लॅटिनम-इरिडियमचे व पोलादाचे १ किग्रॅ.चे माप हवेत एकमेकांशी तोलताना आकारमानांतील फरकामुळे सु. ९४ मिग्रॅ. दुरुस्ती करावी लागते.