बसवर लिहिलेलं शून्य आणि लिओंटिएफचा तक्ता

हल्ली इलेक्ट्रिक बसच्या पाठीवर 'झिरो एमिशन' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं दिसतं. धूर सोडायला तिला नळकांडंच नाही, तेवढ्यापुरतं ते खरं. पण तिचं पोलाद, काचा, टायर, बॅटरी आणि रोजची वीज हे काही त्या शून्यात धरलेलं नसतं. 'इलेक्ट्रिक गाडी डिझेलपेक्षा जास्त घाण करते' हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञानही तितकंच पोकळ. हिशेब तिथेही कोणी मांडलेला नसतो.

मांडायचा तर सरळ वाट अशी: खाणीपासून भंगारापर्यंत वस्तूचा माग काढायचा. याला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. कोका-कोलाने 1969 मध्ये बाटल्या आणि डब्यांची अशी तुलना करून घेतली होती. अडचण एकच, माग संपत नाही. बसला पोलाद, पोलादाला कोळसा, कोळसा काढायला यंत्रं आणि यंत्रांना पुन्हा पोलाद! शेवटी 'यापुढचं किरकोळ' म्हणून कुठेतरी रेघ मारावी लागते. रेघेपलीकडची एकेक बाब किरकोळ असेलही, पण त्या असतात हजारो आणि त्यांची बेरीज किरकोळ असेलच असं नाही.

या कोंडीतून वाट निघाली ती पर्यावरणाशी काही घेणंदेणं नसलेल्या एका तक्त्यातून. वासिली लिओंटिएफ हे रशियात वाढलेले, पुढे हार्वर्डला गेलेले अर्थशास्त्रज्ञ. कोणत्या उद्योगाने वर्षभरात दुसऱ्या कोणत्या उद्योगाकडून किती पैशांचा माल घेतला, हे त्यांनी 1930च्या दशकात अमेरिकेसाठी एका मोठ्या चौकटीत मांडलं. आपल्याकडच्या पुस्तकांत याला आदान-प्रदान विश्लेषण म्हणतात. 1973 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

आता माझा आवडता भाग. समजा, देशात दोनच उद्योग आहेत, वीज आणि कोळसा. 100 रुपयांची वीज करायला 20 रुपयांचा कोळसा लागतो आणि 100 रुपयांचा कोळसा काढायला 10 रुपयांची वीज. (आकडे निव्वळ समजावण्यापुरते.) तुम्हाला हवी 1000 रुपयांची वीज. तिच्यासाठी 200 चा कोळसा. त्या कोळशासाठी 20 ची वीज. तिच्यासाठी 4 चा कोळसा. मग 40 पैशांची वीज, 8 पैशांचा कोळसा... साखळी कधीच थांबत नाही, पण दर फेरीला इतकी आटते की बेरीज एका जागी स्थिरावते: वीज 1020 रुपये 41 पैसे, कोळसा 204 रुपये 8 पैसे. शाळेतली भूमितीय श्रेढीच ही! आणि फेऱ्या मोजत बसायचीही गरज नाही. एकूण वीज व, एकूण कोळसा क. मग व = 1000 + 0.1क आणि क = 0.2व. दहावीची एकसामयिक समीकरणं, दोन ओळींत तेच उत्तर. म्हणजे अंतहीन साखळी शेवटपर्यंत मोजली गेली आणि रेघ कुठेच मारावी लागली नाही.

उद्योग 2 ऐवजी 400 असले की समीकरणंही 400. गुणकांच्या, म्हणजे वरच्या 0.1, 0.2 सारख्या आकड्यांच्या, चौकटीला (मॅट्रिक्सला) अ म्हणा आणि एकक मॅट्रिक्सला, म्हणजे आकड्यांतल्या 1 सारखं काम करणाऱ्या चौकटीला, ए. मग (ए − अ) चा व्यस्त (ज्याने गुणलं की ए मिळतो ती चौकट) काढायचा आणि मागणीने गुणायचं. हा व्यस्त म्हणजेच ए + अ + अ² + अ³ + ... ही अनंत बेरीज, आणि तिचं प्रत्येक पद म्हणजे पुरवठ्याची एकेक फेरी. 1949 मध्ये लिओंटिएफ यांच्याकडे अमेरिकेच्या 500 क्षेत्रांची माहिती होती. पण हार्वर्डच्या मार्क-टू या सुरुवातीच्या संगणकाला ती झेपेना, म्हणून ती 42 क्षेत्रांत बसवावी लागली. आज तेवढं गणित फोनसुद्धा चुटकीसरशी करतो.

राहिलं प्रदूषण. प्रत्येक उद्योग रुपयामागे किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, याची एक ओळ तक्त्याला जोडायची आणि वरच्या उत्तराला तिने गुणायचं. ही जोडणी लिओंटिएफ यांनीच 1970 मध्ये दाखवली. 1990च्या दशकात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लेस्टर लेव्ह, ख्रिस हेंड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी तिचं वापरण्याजोगं साधन केलं. त्याच्या 2002 च्या आवृत्तीत अमेरिकेची 428 क्षेत्रं आहेत.

पण भुलून जाऊ नका. या गणितातून चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर येतं, म्हणून ते तितकं नेमकं नसतं. पत्रिका जुळवताना 36 पैकी साडेअठ्ठावीस गुण आले म्हणून संसार तेवढ्या टक्क्यांनी सुखाचा होतो का? भारताच्या 2007-08 च्या तक्त्यात 130 क्षेत्रं आहेत. त्यात सायकली आणि सायकलरिक्षांना वेगळा रकाना, पण बस, ट्रक आणि मोटारी एकाच रकान्यात. बॅटऱ्यांचा रकाना आहे, मात्र त्या काळची बॅटरी म्हणजे मुख्यतः शिसे-आम्लाची. लिथियमच्या बॅटरीला तिथले गुणक लावणं म्हणजे शुद्ध फसवणूक. शिवाय सगळा हिशेब पैशांत, त्यामुळे दुप्पट महाग शर्टावर दुप्पट कार्बन चढतो, मग कापड तेच का असेना. आणि आयात माल आपल्याच कारखान्यांत बनल्यासारखा धरला जातो. हा दोष काढायला आता अनेक देशांचे तक्ते एकमेकांना जोडतात, पण ते प्रकरण वेगळं.

म्हणून जाणकार मिश्र रीत वापरतात. बसची बॅटरी कारखान्यात जाऊन किलो आणि युनिटांत मोजायची. काचा, रबर, वाहतूक, विमा, कारखान्याच्या कार्यालयातला कागदसुद्धा, या सगळ्यांचा आकडा तक्त्याकडून घ्यायचा. हा तक्ता कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. तिथून पुढे बस रस्त्यावर असेल तितकी वर्षं रोज चार्ज होणार. ते युनिट वेगळे मोजून, त्या त्या वर्षी वीज किती कोळशाची आणि किती वाऱ्या-उन्हाची होती, हे पाहूनच बेरजेत घालावे लागतात. आणि बहुतेक वेळा सगळ्यांत मोठा आकडा हाच निघतो.