पन्हळीतला पाचोळा

मेलबर्नमधल्या मराठी घरांत दिवाळीची झाडलोट निघते तेव्हा तिथे वसंत चालू असतो. माळे रिकामे होतात, गाद्या उन्हात येतात. पण घर शहराच्या कडेला, झाडीला लागून असेल तर खरी झाडलोट छपरावर करायची असते. डिसेंबर ते मार्च हे व्हिक्टोरिया राज्यात वणव्याचे महिने.

वणवा म्हटलं की ज्वाळांची भिंत डोळ्यांपुढे येते. ती येतेच, पण काही मिनिटांत पुढे सरकते. बहुतेक घरं पेटतात ती उडत आलेल्या निखाऱ्यांनी. १९८३ च्या ‘ॲश वेन्सडे’ वणव्यांनंतर सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी जळालेली आणि वाचलेली घरं तपासली, तेव्हापासून हेच दिसत आलंय. निखारे ज्वाळांच्या आधी येतात आणि त्या गेल्यावरही कितीतरी तास येत राहतात. निलगिरीच्या काही जातींची साल लांब पट्ट्यांनी सुटते. पेटलेली पट्टी गरम हवेच्या लोटाबरोबर वर चढते आणि वाऱ्यावर निघते. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ला मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर होता आणि निखारे ३० किलोमीटर पुढे जाऊन नव्या आगी लावत होते. त्या वणव्यांत १७३ माणसं गेली, २००० हून अधिक घरं गेली.

नखाएवढा निखारा कौलावर पडला तर तिथेच विझतो. तोच पन्हळीत पडला तर? तिथे वर्षाचा पाचोळा साचलेला, उन्हाने पापड झालेला, चिमटीत धरला की चुरा. वर चार बोटांवर छपराची लाकडी पट्टी. आग वळचणीतून माळ्यावर शिरते आणि बाहेरची भिंत शाबूत असताना घर आतून पेटतं. म्हणून पन्हळी साफ करायच्या, कौलांच्या फटी बुजवायच्या, हवेच्या झरोक्यांना दोन मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं नसलेली धातूची जाळी लावायची. प्लॅस्टिकची जाळी वितळते. दारातलं काथ्याचं पायपुसणं म्हणजे तर निखाऱ्याला अंथरलेली गादीच. सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी अंगणात उभं राहून पानं कुठल्या कोपऱ्यात गोळा होतात ते बघून ठेवावं. निखारेही तिथेच जमणार.

दुसरा शत्रू धग. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण १ किलोवॉट उष्णता देतं. ऑस्ट्रेलियात वणव्याच्या पट्ट्यात घर बांधायचं तर जागेची प्रतवारी होते : १२.५, १९, २९, ४०. हे आकडे त्याच मापातले. म्हणजे शेवटच्या जागी चाळीस सूर्यांची धग धरून चालायचं. त्यापलीकडचा वर्ग थेट ज्वाळांचा. धगीने खिडकीची काच तडकते आणि निखाऱ्यांना दार उघडं मिळतं. झाडी घरापासून जितकी दूर, तितकी धग कमी. आपल्याकडे वनखातं जाळरेषा, म्हणजे गवत-झुडपं काढून मोकळा केलेला पट्टा, काढतं, पण आगीने तो ओलांडू नये एवढाच त्याचा हेतू असतो. निखारे मात्र मोकळ्या अंगणावरून खुशाल उडत येतात, त्यामुळे नुसती झाडं तोडून निश्चिंत होणारा माणूस मला अर्धवट तयारीचा वाटतो.

टेकडीवरच्या घरांचं गणित आणखी अवघड. पाणी उतारावरून धावतं, आग चढावर. ज्वाळा चढाकडे कलतात आणि पुढचं गवत आधीच तापवून ठेवतात; दर १० अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. छान देखावा दिसणारी जागा बहुधा अशीच असते.

इतकं करूनही वणव्याच्या धोक्याच्या पाटीवर ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ ही सर्वांत वरची पायरी लागली की पन्हळी, जाळ्या सगळं विसरून सकाळीच निघायचं. अशा दिवसासाठी घरं बांधलेलीच नसतात. गाडीत पाणी आणि लोकरीची पांघरुणं ठेवायला सांगतात. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. लोकर सहज पेटत नाही, पेटली तरी करपून विझू बघते. आपली घोंगडी त्याच जातीची.