व्हिडिओ गेमच्या नकला आणि कॉपीराइट

लोकप्रिय झालेल्या व्हिडिओ गेमची खेळण्याची पद्धत, मांडणी किंवा रूप उचलून, नाव आणि थोडेफार बाह्यांग बदलून बाजारात आणलेल्या गेमला ‘क्लोन’ म्हणतात. मूळ गेमचा कोड जसाच्या तसा वापरला असेल, तर चोरी सिद्ध करणे तुलनेने सोपे असते. क्लोनचा कोड मात्र बहुधा नव्याने लिहिलेला असतो आणि त्यामुळे वाद पडद्यावर काय दिसते व खेळ कसा चालतो यावर येऊन ठेपतो.

कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तिच्या अभिव्यक्तीला मिळतो. हे तत्त्व अमेरिकेच्या कायद्यात आणि बौद्धिक संपदेविषयीच्या ‘ट्रिप्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नवव्या कलमातही आहे. खेळाचे नियम कल्पनेत मोडतात, तर चित्रे, पात्रे, ध्वनी व संगीत अभिव्यक्तीत. शिवाय एखाद्या प्रकारच्या खेळात जे अपरिहार्यपणे येणारच, त्यावर कोणाला मक्तेदारी सांगता येत नाही. कागदावर स्पष्ट वाटणारी ही विभागणी प्रत्यक्ष गेमपुढे डळमळते, कारण गेममध्ये नियम हेच बऱ्याचदा दृश्य रूपाने समोर येतात.

सुरुवातीच्या दोन अमेरिकी खटल्यांतून हे चांगले दिसते. ‘अ‍ॅस्टरॉइड्स’ या आपल्या गेमची नक्कल केल्याच्या आरोपावरून अटारी या गेम कंपनीने ‘मीटिअर्स’च्या निर्मात्यांवर दावा लावला. न्यायालयाने १९८१ मध्ये दोन्ही गेममधील २२ साम्ये नोंदवली आणि तरीही दावा फेटाळला. अवकाशातले खडक फोडायचे म्हटले, की यान वळणार, गोळ्या सुटणार आणि मोठा खडक फुटून त्याचे लहान तुकडे होणार, असा त्यामागचा विचार होता. पुढच्याच वर्षी ‘पॅक-मॅन’च्या प्रकरणात अटारीच्या बाजूने कौल लागला. ‘के. सी. मंचकिन’ या प्रतिस्पर्धी गेममध्ये ठिपके मोजकेच होते आणि ते जागचे हलतही होते; पण ठिपके गिळत धावणारे पात्र आणि त्याचा पाठलाग करणारी भुते यांचे रूप उचलल्याचे मानून अपील न्यायालयाने विक्रीला मनाई केली. चक्रव्यूह आणि गुणतक्ता यांना मात्र फारसे संरक्षण दिले नाही.

त्यानंतरची बरीच वर्षे नक्कल करणाऱ्यांना सोयीची गेली. कराटेच्या गेमवरील १९८८ चा निकाल आणि ‘स्ट्रीट फायटर २’च्या वादातील १९९४ चा निकाल, दोन्ही मूळ निर्मात्यांच्या विरोधात गेले. हातापायांच्या लढतीतले डाव सर्वांचेच, हा युक्तिवाद तिथे टिकला.

२०१२ मधील ‘टेट्रिस’चा खटला म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. ‘मिनो’ हा आयफोनवरचा गेम काढणाऱ्या झिओ इंटरॅक्टिव्ह कंपनीने नक्कल नाकारलीच नाही. आपण घेतले ते केवळ नियम, असे तिचे म्हणणे होते. न्यू जर्सीच्या न्यायालयाने ते मानले नाही. वरून पडणारे तुकडे जुळवून ओळी भरणे ही कल्पना कोणीही वापरावी. परंतु २० ओळी उंच आणि १० घरे रुंद अशी चौकट, तुकड्यांची ठेवण व रंग, तुकडा कुठे बसेल हे दाखवणारी त्याची सावली या गोष्टी वेगळ्या करता आल्या असत्या, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही गेमची चित्रे शेजारी ठेवली, तर कोणते कोणाचे हे सांगणे कठीण होते, आणि निकालात हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो.

इतरत्र चित्र एकसारखे नाही. जपानमध्ये ग्री कंपनीने मासेमारीच्या मोबाइल गेमवरून प्रतिस्पर्ध्याविरुद्ध केलेला दावा टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने मान्य केला. त्यात पाण्याखालचे दृश्य, मधोमध समकेंद्री वर्तुळे आणि माशाची काळी आकृती यांतील साम्य ध्यानात घेतले होते. त्याच वर्षी, २०१२ मध्ये, बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला.

निकालापर्यंत न जाता तडजोडीने मिटणारे वादही अनेक आहेत. ‘ट्रिपल टाउन’ आणि ‘येटी टाउन’ या गेमचा वाद तसाच मिटला. कॉपीराइटच्या या मर्यादेमुळे काही कंपन्या पेटंटकडे वळतात. ‘पालवर्ल्ड’ या गेममधील प्राण्यांच्या रूपाची तुलना ‘पोकेमॉन’शी जगभर झाली, तरी सप्टेंबर २०२४ मध्ये निंटेंडो आणि पोकेमॉन कंपनीने टोकियोत दाखल केलेला दावा पेटंट उल्लंघनाचा होता.