ऑफिसची मेल, आपल्या पसंतीचा प्रोग्रॅम: या जोडणीमागचा इतिहास

थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅममध्ये ऑफिसचं खातं जोडायला बसलं की बहुतेकांना दोनपैकी एक अनुभव येतो. पासवर्ड बरोबर असूनही पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा उघडते, नाहीतर ‘या ॲपसाठी ॲडमिनची मंजुरी लागेल’ अशी स्क्रीन येते. बरेच जण तिथेच हात टेकतात आणि वेबमेलवर परततात. दोष मात्र प्रोग्रॅमचा क्वचितच असतो. ही अडवणूक कुठून आली ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

मेल वाचायचा प्रोग्रॅम आणि मेल सांभाळणारा सर्व्हर एकाच कंपनीचे असावेत, असं सुरुवातीला कुणाच्या मनातही नव्हतं. मेल पाठवण्याचे एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून सगळ्यांसाठी खुले केले. १९८४ मध्ये मेल उतरवून घेण्यासाठी पॉप आलं. सर्व्हरवरची पत्रं आपल्या कॉम्प्युटरवर घ्यायची, तिथली पुसायची आणि लाइन सोडायची, एवढंच त्याचं काम. पुढे मॉडेमवर तास मोजून इंटरनेट वापरणाऱ्यांना ते फार सोयीचं पडलं.

खरा विचार केला तो स्टॅनफर्डमधल्या मार्क क्रिस्पिन यांनी. १९८६ मध्ये त्यांनी आयमॅप रचलं. पत्रं सर्व्हरवरच राहतील आणि प्रोग्रॅम फक्त खिडकीसारखा असेल, ही त्यामागची कल्पना. आयमॅपचं संभाषण जवळून पाहिलं तर त्यातली शिस्त मन जिंकते. प्रोग्रॅम प्रत्येक हुकमापुढे एक खूण लावतो आणि काम झालं की सर्व्हर तीच खूण परत करून ‘झालं’ म्हणतो. त्यामुळे एकाच वेळी चार कामं चालू असली तरी कोणतं उत्तर कशाचं, यात गोंधळ होत नाही. पत्र वाचलं, उत्तर दिलं, पुसायला काढलं, याच्या नोंदीही सर्व्हरवरच राहतात. म्हणून एका कॉम्प्युटरवर वाचलेलं पत्र दुसऱ्यावरही वाचलेलंच दिसतं. क्रिस्पिन पुढे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. पाइन हा मेल प्रोग्रॅम तिथलाच. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केल्यानंतर ज्यांनी विद्यार्थी-खात्याच्या काळ्या स्क्रीनवर मेल वाचली, त्यांना पाइन नक्की आठवत असेल.

ऑफिसांमध्ये चित्र बदललं ते १९९६ मध्ये, मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज बाजारात आल्यावर. एकाच सर्व्हरवर मेल, कॅलेंडर, सहकाऱ्यांचे पत्ते आणि मीटिंगची आमंत्रणं मिळू लागली, ही सोय खरीच मोठी होती. पण आउटलुक त्या सर्व्हरशी मॅपी या कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलायचं. आयमॅपचं दार एक्स्चेंजला होतं, पण त्यातून मेल तेवढी मिळायची, कॅलेंडर नाही. २००७ च्या आवृत्तीत तर पॉप आणि आयमॅप सेवा मुळात बंदच असायच्या. ॲडमिनने मुद्दाम सुरू केल्या तरच चालायच्या.

वाट काढणाऱ्यांनी ती काढलीच. लिनक्सवरच्या इव्होल्यूशन या मेल प्रोग्रॅमसाठी झिमियन कंपनीने एक जोड-प्रोग्रॅम केला. ब्राउझरमधून आउटलुक उघडण्यासाठी सर्व्हरला जे वेबचं दार होतं, तिथूनच तो मेल आणि कॅलेंडर आणायचा. आधी तो विकत मिळे. नॉव्हेल या कंपनीने झिमियन विकत घेतल्यावर २००४ मध्ये त्याचा कोड खुला केला. डेव्हमेल या प्रोग्रॅमची युक्ती त्याच जातीची आहे. हा दुभाषी आपल्याच कॉम्प्युटरवर बसतो. थंडरबर्ड त्याच्याशी साध्या आयमॅपमध्ये बोलतो आणि तो पलीकडे एक्स्चेंजच्या भाषेत निरोप पोचवतो. अशा लोकांचं ऋण आपण पुरेसं मानत नाही, असं मला मनापासून वाटतं.

त्याच काळात युरोपात कायद्याची लढाई चालू होती. इतरांचे सर्व्हर विंडोजशी नीट बोलू शकतील एवढी माहिती द्या, असा आदेश युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला. तो खटला एक्स्चेंजचा नव्हता, तरी २००८ मध्ये कंपनीने जे दस्तऐवज खुले केले त्यांत एक्स्चेंजच्या भाषेचेही होते. एक्स्चेंज २००७ सोबत ईडब्ल्यूएस (एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस) हे इतर प्रोग्रॅमसाठीचं नवं दार आलंच होतं. ॲपलने २००९ मध्ये मॅकच्या मेल प्रोग्रॅमला त्यातूनच एक्स्चेंजशी जोडलं.

आजची अडवणूक भाषेची नाही, परवानगीची आहे. जुन्या पद्धतीत प्रोग्रॅम पासवर्ड जवळ ठेवून दर वेळी सर्व्हरला दाखवायचा. चोरीचे पासवर्ड लावून पाहणाऱ्यांना ते फावायचं, आणि दुहेरी पडताळणी तिथे लागूच होत नसे. १ ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने क्लाउडवरच्या एक्स्चेंजमध्ये पॉप, आयमॅप आणि ईडब्ल्यूएससाठी ही पद्धत बंद करायला सुरुवात केली. आता ओऑथ ही परवानगीची नवी पद्धत लागते. पासवर्ड फक्त लॉगिनच्या पानावर द्यायचा. प्रोग्रॅमला मिळतो तो एक टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायचा डिजिटल परवाना. त्यासाठी प्रत्येक प्रोग्रॅमची स्वतःची नोंदणी असते, आणि नेमक्या त्या नोंदणीला नकार देणं ॲडमिनच्या हातात असतं. सुरक्षेचं कारण मला पूर्ण पटतं. विचार न करता सगळ्याच बाहेरच्या प्रोग्रॅमना सरसकट नकार देणं पटत नाही. कुणाला डोळ्यांच्या त्रासामुळे, कुणाला कीबोर्डच्या सवयीमुळे दुसरा प्रोग्रॅम खरोखर लागतो. अशा वेळी आयटी विभागाला नुसतं ‘थंडरबर्ड चालत नाही’ असं कळवू नये. आयमॅप सुरू आहे का आणि या ॲपला मंजुरी देता येईल का, असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये थंडरबर्डच्या १४५ व्या आवृत्तीत एक्स्चेंजची मेल कोणत्याही जोड-प्रोग्रॅमशिवाय उघडू लागली, तीही ईडब्ल्यूएसमधून. आणि क्लाउडवरचं ते दार ऑक्टोबर २०२६ पासून बंद करणार, हे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलेलं आहे. त्याच्या जागी येणाऱ्या दाराचं नाव ग्राफ.