कोहेसिन

पेशीतील डीएनएची नक्कल झाल्यापासून पेशीविभाजनापर्यंत गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकमेकींना धरून ठेवणारे प्रथिनसंकुल. १९९७ मध्ये ते यीस्टमध्ये सापडले. एसएमसी१ आणि एसएमसी३ ही सुमारे ५० नॅनोमीटर लांबीची दोन प्रथिने एका टोकाला बिजागरीसारखी जुळतात. दुसरी टोके आरएडी२१ हे तिसरे प्रथिन जोडते आणि कडी पुरी होते. एसटीएजी१ किंवा एसटीएजी२ हा चौथा घटक.

कडी गुणसूत्रावर बसली म्हणजे प्रती बांधल्या गेल्या, असे मात्र नाही. एनआयपीबीएल हे प्रथिन तिला चढवते, डब्ल्यूएपीएल हे दुसरे प्रथिन उतरवते, आणि ही ये-जा सतत चालू असते. गाठ पक्की होते ती डीएनएची नक्कल होतानाच. त्या वेळी ईएससीओ२ हे विकर एसएमसी३वरील १०५ आणि १०६ क्रमांकांच्या लायसिनांवर (लायसिन हे एक अमिनो आम्ल) अ‍ॅसिटिल हा छोटा रासायनिक गट चिकटवते. मग सोरोरिन हे प्रथिन येऊन बसते आणि डब्ल्यूएपीएलचे काही चालत नाही. यीस्टमध्ये नक्कल उरकल्यावर कोहेसिन तयार होऊ दिले, तर कड्या गुणसूत्रावर चढतात, पण प्रती सुट्याच राहतात. उलट बाजूही आहे: मानवी पेशींत अ‍ॅसिटिल गट लागला नाही, तर नक्कल करणारी यंत्रणाच मंदावते, अशा वेळी डब्ल्यूएपीएल काढून टाकले की वेग परत येतो. ईएससीओ२ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यास रॉबर्ट्स सिंड्रोम हा जन्मजात आजार होतो. रुग्णाची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर गुणसूत्रबिंदूपाशी चिमटा दिसत नाही; दोन्ही प्रती रुळांसारख्या समांतर पडलेल्या असतात.

जनुकांशी कोहेसिनचा संबंध वेगळा. डीएनए ओढत ते फास मोठा करत जाते (सेकंदाला साधारण ५०० ते १,००० बेस-जोड्या) आणि डीएनएवर त्याच्याकडे तोंड करून बसलेले सीटीसीएफ हे प्रथिन भेटले की थांबते. त्यामुळे दूरचा वर्धक भाग (जनुकाचे काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) जनुकाजवळ येतो. तरी कोहेसिनला जनुकांचा मुख्य खटका समजणे चूक. २०१७ मध्ये मानवी पेशींतले आरएडी२१ झटपट नष्ट केले, तेव्हा फास नाहीसे झाले, पण पुढच्या काही तासांत बहुतेक जनुकांचे काम थोडेच बदलले. वाढत्या गर्भात मात्र हे ‘थोडे’ महागात पडते. एनआयपीबीएलची एकच प्रत निकामी झाली तरी कॉर्नेलिया डी लांगे सिंड्रोम हा जन्मजात आजार होतो: गुणसूत्रे बहुधा नीट जुळलेली, पण असंख्य जनुकांची पातळी किंचित ढळलेली, आणि परिणाम हात, चेहरा, हृदय, बुद्धी यांवर.

विभाजनाच्या क्षणी सेपरेज हे विकर आरएडी२१ कापते आणि प्रती सुटतात.