डीव्हीबी-एस आणि डीव्हीबी-एस२: छत्री तीच, मग वाहिन्या कमी का?

डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेच्या वाहिन्या पुरवणारा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सोलापुरातून पाहिले तर तो जवळजवळ नेमक्या आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो, आणि म्हणून शहरातल्या गच्चीपासून मोहोळ-अक्कलकोटच्या वस्त्यांपर्यंत या सेवेच्या सगळ्या छत्र्या एकाच बाजूला तोंड करून असतात. छत्री सारखी, तिच्या तोंडाशी बसवलेला, लहरी पकडणारा एलएनबी सारखा, दिशाही सारखी असूनही शेजारच्या दोन घरांपैकी एकात जास्त वाहिन्या दिसतात आणि दुसऱ्यात कमी. दुकानात विचारले तर ‘तुमचा बॉक्स एमपेग-२चा आहे, एमपेग-४चा घ्या’ असे सांगितले जाते. हा सल्ला व्यवहारात लागू पडतो, पण त्यामागचे कारण अर्धेच सांगितलेले असते.

एमपेग ही चित्र आणि आवाज कमी जागेत बसवण्याची पद्धत आहे. तिची पाळी येण्याआधी बॉक्सला उपग्रहाकडून आलेल्या लहरींतून शून्य-एकचा प्रवाह वेगळा काढावा लागतो, वाटेत झालेल्या चुका दुरुस्त कराव्या लागतात, आणि हे काम ज्या नियमांनी चालते ते नियम डीव्हीबी-एस किंवा डीव्हीबी-एस२ (पुढे नुसते एस आणि एस२) या उपग्रह-प्रसारणाच्या मानकांत दिलेले आहेत. फ्री डिशवर एमपेग-२च्या वाहिन्या एस मानकाने आणि एमपेग-४च्या वाहिन्या एस२ मानकाने येतात, त्यामुळे दोन्ही नावे एकच वाटू लागली. प्रत्यक्षात एस२ प्रवाहातून एमपेग-२ चित्रही पाठवता येते. केवळ एस जाणणारा बॉक्स एस२ प्रवाहाच्या दारातच अडतो, एमपेग-४पर्यंत तो पोहोचतच नाही. याची खूण पडद्यावर स्पष्ट दिसते: सिग्नलची ताकद भरपूर आणि गुणवत्ता शून्य. अशा वेळी छत्री हलवण्यात अर्थ नसतो, उलट ज्या वाहिन्या येत होत्या त्याही जाण्याचा धोका असतो. एस२ बॉक्सवर मात्र सहसा दोन्ही मानके चालतात.

डीव्हीबी-एस हे १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धातले मानक आहे. त्यात क्यूपीएसके हे मॉड्युलेशन (लहरीवर माहिती चढवण्याची पद्धत) वापरतात, म्हणजे लहरीच्या चार कला (फेज) ठरवलेल्या असतात आणि प्रत्येक चिन्हातून दोन बिट जातात. चुका दुरुस्त करण्यासाठी दोन थर असतात. आतला थर कन्व्होल्युशनल कोडचा. बॉक्सच्या पडद्यावर एफईसी (चूक-दुरुस्तीचा दर) ३/४ असे दिसते, त्याचा अर्थ या थरात दर चार बिटांमागे तीन बिट आशयाचे आणि एक संरक्षणासाठी. बाहेरचा थर रीड-सॉलोमन कोडचा: १८८ बाइटच्या प्रत्येक पॅकेटला १६ बाइट जोडले जातात आणि त्यांच्या बळावर पॅकेटमधले आठपर्यंत बिघडलेले बाइट सुधारता येतात.

२००५ साली मान्य झालेल्या एस२ने हे दोन्ही थर बदलले. आत एलडीपीसी आणि बाहेर बीसीएच कोड आला. एलडीपीसी कोड रॉबर्ट गॅलागर यांनी १९६०च्या सुमारास मांडले होते, परंतु त्यांना लागणारी आकडेमोड त्या काळच्या यंत्रांना झेपण्यासारखी नव्हती आणि पुढची तीस-एक वर्षे ते जवळपास दुर्लक्षित राहिले. एवढ्या जुन्या गणिताने आज घराघरातला बॉक्स चालावा, याचे मला फार अप्रूप वाटते. एस२मधला एक पूर्ण ठोकळा ६४,८०० बिटांचा असतो, आणि इतक्या बिटांची परस्परांशी पडताळणी होत असल्याने हा कोड गोंगाटातून बिनचूक माहिती नेण्याच्या सैद्धांतिक मर्यादेच्या अगदी जवळ जातो.

मॉड्युलेशनही वाढले. क्यूपीएसकेच्या जोडीला प्रत्येक चिन्हात तीन बिट नेणारे ८पीएसके, चार बिटांचे १६एपीएसके आणि पाच बिटांचे ३२एपीएसके आले. पण बिट वाढले की चिन्हे ओळखणे अवघड होते. उपमा द्यायची तर क्यूपीएसके म्हणजे चार मुख्य दिशा, तर ८पीएसके म्हणजे त्यांत उपदिशा मिळवून झालेल्या आठ दिशा. धूसर प्रकाशात पूर्व आणि दक्षिण वेगळ्या ओळखता येतात, पण दक्षिण आणि आग्नेय यांत गफलत होऊ शकते. लाभ किती, हे एका उदाहरणावरून कळेल: ३६ मेगाहर्ट्झच्या ट्रान्सपाँडरवर (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपण-मार्गावर) डीव्हीबी-एसने २/३ एफईसी दराने सेकंदाला ३३.८ मेगाबिट जातात, तर तेवढ्याच शक्तीत, साधारण तेवढ्याच गोंगाटात, एस२ सुमारे ४६ मेगाबिट नेते.

येथेच सर्वात मोठा गैरसमज आहे. एस२ नवे म्हणजे पावसातही ते जास्त टिकणार, असे गृहीत धरले जाते. सिग्नल गोंगाटाच्या (नको असलेल्या लहरींच्या) किती वर असायला हवा हे डेसिबल या मापात पाहिले, तर एस२मधल्या क्यूपीएसके ३/४ला सुमारे ४ डेसिबल पुरतात, डीव्हीबी-एसच्या क्यूपीएसके ३/४ला सुमारे ७ लागतात, आणि एस२मधल्या ८पीएसके ३/४ला जवळपास ८. पडद्यावर तिन्ही ठिकाणी ३/४ हाच आकडा दिसतो, म्हणून केवळ त्यावरून तुलना करू नये. नव्या कोडने मिळालेली बचत पावसासाठी राखून ठेवायची की जास्त वाहिन्या बसवण्यासाठी खर्च करायची, हे प्रसारक ठरवतो.

सोलापूरला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि गडगडाटी सरींत कु-बँडच्या, म्हणजे या सेवेसाठी वापरल्या जाणाऱ्या उच्च वारंवारतेच्या, लहरी चांगल्याच क्षीण होतात. तेव्हा दोन्ही मानकांचे वागणे वेगळे दिसते. डीव्हीबी-एसवर आधी चित्रात चौकोन पडतात, आवाज तुटतो, मग पडदा जातो. एस२वर डेसिबलच्या काही दशांशांत स्वच्छ चित्रापासून काळ्या पडद्यापर्यंतचा प्रवास होतो. त्यामुळे छत्री पक्की करताना जुन्या एसच्या वाहिनीवर चित्र आले एवढ्यावर थांबू नये. ज्या ट्रान्सपाँडरला सर्वात चांगला सिग्नल लागतो, सहसा एस२ ८पीएसकेचा, तो निवडावा, त्याची गुणवत्ता सर्वाधिक होईपर्यंत छत्री आणि एलएनबी दोन्ही हळूहळू फिरवून पाहावेत, आणि त्यानंतरच बोल्ट आवळावेत.